स्टँडअपमधून टीव्ही मालिकेत अभिनयाकडे वळताना

स्टेजवर मुरलेल्या बाईला विनोद शिकवावा लागत नाही. नडतात त्या सवयी. स्टेजवर मजकूर तुमचा, वेग तुमचा आणि कुठे थांबायचं तेही तुम्हीच ठरवता. सेटवर ओळी लेखकाच्या, चौकट कॅमेऱ्याची आणि तुमच्या पंचआधीची (हसवणाऱ्या शेवटच्या ओळीआधीची) ओळ बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या तोंडी. तयारी करायची ती याची.

पाठवायचं काय

कास्टिंगकडे दोन वेगळे व्हिडिओ द्या. पहिला, पाच मिनिटांचा घट्ट सेट (स्टेजवर सादर करायचा स्टँडअपचा मजकूर), एकसलग, हशा ऐकू येणारा. मध्ये कापाकापी असली की पडलेले विनोद काढून टाकलेत असाच संशय येतो. दुसरा, अभिनयाची शोरील, म्हणजे तुमच्या कामाचे निवडक तुकडे, जास्तीत जास्त दोन मिनिटं. पहिल्या पंधरा सेकंदांत तुमचा चेहरा आणि सगळ्यात चांगला प्रसंग हवा. संगीतावर नाचणारी झलक नको. शोरीलमध्ये स्टँडअप घुसडू नका. स्टँडअपमध्ये तुम्ही फक्त बोलता, आणि कास्टिंगवाल्यांना बघायचं असतं तुम्ही ऐकता कशा. अभिनयाचं काम हातात नसेल तर दोन माणसांचे दोन प्रसंग शूट करून घ्या, एक विनोदी आणि एक शांत.

सेल्फ टेप, म्हणजे घरीच केलेली ऑडिशन, मोबाइल आडवा धरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, छातीपासून वर, मागे साधी एकरंगी भिंत. समोरच्या पात्राच्या ओळी वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी बाजूला हवी. ती लांब बसली की तुमचा अर्धाच चेहरा दिसतो. तिचा आवाज तुमच्यापेक्षा हळू ठेवा, कारण माइकजवळ तीच असते. स्टँडअपवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे थेट लेन्समध्ये बघणं: लेन्स म्हणजे प्रेक्षक वाटतो आणि नजर आपोआप तिकडे जाते. पात्र तसं लिहिलेलं असेल तरच लेन्समध्ये बघा. दोन टेक (एकाच प्रसंगाची दोन चित्रणं) पुरतात, पण दोन्ही खरोखर वेगळे हवेत.

हशा

आधी विचारा: मालिका प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांवर शूट होणार की एका कॅमेऱ्यावर? दोन्हीकडचं गणित उलटं आहे.

प्रेक्षकांसमोर शूट होणाऱ्या विनोदी मालिकेचा आठवडा साधारण पाच दिवसांचा: सुरुवातीला टेबलाभोवती वाचन, मग तालमी, मग कॅमेऱ्यांसह तालीम आणि शेवटी चित्रीकरण. मधल्या दिवसांत ओळी रोज बदलतात. ज्या विनोदाला तालमीत कुणी हसलं नाही, तो दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. तेव्हा पाठांतर घट्ट हवं, पण एका ओळीवर जीव नको. प्रत्यक्ष चित्रीकरणात हशा चढतो आणि उतरू लागतो. तो उतरत असताना, पूर्ण विरायच्या आत, पुढची ओळ घ्या. लवकर घेतली तर ऐकू येत नाही, उशिरा घेतली तर प्रसंग ढिला पडतो. हे तुम्हाला येतंच. नवीन एवढंच की थांबताना पात्रातून बाहेर पडायचं नाही. प्रेक्षकांकडे बघून हसणं स्टेजवर गोड दिसतं, इथे टेक वाया जातो. हातातलं काम चालू ठेवा: घडी घाला, पान उलटा.

एका कॅमेऱ्याच्या सेटवर हशाच नसतो. आवाज रेकॉर्ड होत असल्यामुळे चाळीस माणसं तोंड दाबून उभी असतात, आणि स्टँडअप करणारीला वाटतं, पडला. मग आवाज चढतो, भुवया उडतात, शब्दावर जोर येतो. क्लोजअपमध्ये हे सगळं तिप्पट दिसतं. या शांततेची सवय आधीच करा: एखाद्या मित्राला न हसण्याची अट घालून प्रसंग म्हणा. हशासाठी जागाही सोडू नका. ती लागली तर संकलक नंतर तयार करेल. मात्र दुसऱ्याच्या क्लोजअपमध्ये त्याच्या ओळीवर बोलू नका. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कापायला जागा उरत नाही.

हात, पाय, आवाज

एकच प्रसंग लांबून, मग जवळून, मग समोरून असा पुन्हा पुन्हा शूट होतो. कोणत्या शब्दावर पेला उचलला ते प्रत्येक वेळी सारखंच हवं. स्टेजवरचे मोकळे हात इथे कंटिन्युइटीवाल्यांची (प्रत्येक शॉट आधीच्याशी जुळतो ना, हे बघणाऱ्यांची) डोकेदुखी होतात. हालचाली कमी ठेवा आणि शब्दांना बांधा.

जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर खाली न बघता थांबायला एक सोपी युक्ती आहे. तालमीत खुणेवर उभ्या राहा, उलट्या पावलांनी दारापर्यंत मोजत जा, आणि टेकमध्ये तेवढीच पावलं टाका.

कपड्यांत लपवलेल्या माइकवर हात आपटू नका. तालमीत पुटपुटून टेकमध्ये आवाज चढवणं ही स्टेजवाल्यांची खास खोड; ध्वनिमुद्रकाने पातळी तालमीवर लावलेली असते, त्यामुळे आवाज फाटतो.

सुचलेला जादा पंच आधी लिहिलेल्या ओळींचे टेक झाल्यावर, दिग्दर्शकाला विचारून द्या. प्रसंगाच्या शेवटच्या ओळीसाठी दोन-तीन पर्याय खिशात ठेवा. अचानक ओळ बदलली तर सहकलाकाराचा आपली ओळ घ्यायचा संकेत जातो, शिवाय त्याच शब्दावर पुढच्या प्रसंगातला विनोद उभा असू शकतो.

गंभीर भूमिका नाकारण्यात शहाणपण नाही. 2023च्या ‘बीफ’ मालिकेसाठी अली वाँगला अभिनयाचं एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं. ती मूळची स्टँडअपचीच.

स्वतःवर बेतलेली मालिका आणि करार

अमेरिकन स्टँडअप कलाकार रोझॅन बारची स्टेजवरची गृहिणी 1988 मध्ये तिच्याच नावाच्या मालिकेत आली आणि मालिका 1997पर्यंत चालली. मार्गारेट चोच्या स्टँडअपवर बेतलेली ‘ऑल-अमेरिकन गर्ल’ 1994 मध्ये आली आणि एका हंगामात संपली. तिच्यावर वजन कमी करण्याचा दबाव होता आणि त्यात तिची मूत्रपिंडं बिघडली, हे तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. तेव्हा ‘माझ्यावर मालिका’ एवढ्याने हुरळून जाऊ नका. लेखनात तुमचं नाव आहे का, ते आधी बघा.

सही करण्यापूर्वी वकिलाकडून चार कलमं तपासून घ्या: किती वर्षांसाठी बांधून घेतलंय, त्या काळात प्रत्यक्ष कार्यक्रम करता येतील का, जुन्या सेटचे हक्क कोणाकडे, आणि तुमच्या नावाचं पात्र तुमच्याशिवाय वापरता येईल का. चौथं बहुतेकजणी वाचतच नाहीत. स्टँडअपच्या सेटमधला विनोद मालिकेच्या भागात गेला की स्टेजवर तो शिळा होतो, म्हणून कोणता विनोद कधी लिहिला आणि कुठे वापरला याची तारखांसह वही ठेवा. हक्कांचा वाद निघाला तर तीच उपयोगी पडते.

चित्रीकरण चालू असताना नवा तासाभराचा सेट बसवायचा हट्ट धरू नका. आठवड्याला दहा मिनिटांचा एखादा ओपन माइक (कुणालाही सादर करता येणारा कार्यक्रम) पुरतो, तोही दुसऱ्या दिवशीचा कॉल (सेटवर पोहोचायची वेळ) उशिराचा असेल तेव्हाच. अर्धा प्रसंग आज आणि अर्धा उद्या शूट झाला, तर बसलेला घसा पडद्यावर लगेच कळतो.