क्लायंट नेमकी कुठली फाइल वाचतोय? सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून किंवा पणजीच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून पर्वरी-पणजीतल्या एखाद्या लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागलात, तर पहिलं काम बहुधा सपोर्टचं मिळेल. मीही याच वाटेने आले. आमच्याकडे सपोर्ट म्हणजे बरंचसं हॉटेलांचं काम: बिलिंग, रूम बुकिंग, रात्रीचं नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं. कलंगुटच्या हॉटेलचा डेटाबेस वेगळा, कोलव्याचा वेगळा, आणि तुमच्या लॅपटॉपवरचा मायएसक्यूएल क्लायंट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम, मात्र एकच. तो कुणाशी बोलणार हे कॉन्फिगरेशन फाइल ठरवते. ती फाइल कुठे आहे हे क्लायंटला स्वतःहून सांगता येणं मला जॉइन क्वेरी लिहिता येण्याइतकंच गरजेचं वाटतं.

नवीन मुलं हमखास एक तक्रार घेऊन येतात: "ताई, पासवर्ड बरोबर आहे, तरी ॲक्सेस डिनाइड येतंय." मी आधी त्यांना तो एरर शेवटपर्यंत वाचायला लावते. त्यात युजरचं नाव असतं आणि शेवटी 'यूजिंग पासवर्ड' येस की नो, तेही असतं. तुम्ही पासवर्ड दिलेलाच नाही आणि तिथे येस दिसतंय, तर तो कुठल्या तरी फाइलीतून आला आहे. मग पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही. ती फाइल शोधायची.

लिनक्सवर हा क्लायंट एकच फाइल वाचून थांबत नाही. आधी ईटीसी फोल्डरमधली माय डॉट सीएनएफ, मग ईटीसीतल्या मायएसक्यूएल फोल्डरमधली, आणि पुढे तुमच्या होम फोल्डरमधली, जिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं आणि म्हणून जी साध्या यादीत दिसत नाही. एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर नंतर वाचलेलं टिकतं. हा क्रम पाठ करू नका. क्लायंटला हेल्प हा पर्याय द्या, तो आपल्या मशीनवरची यादी क्रमाने छापतो. प्रिंट-डिफॉल्ट्स दिलं तर फायलींमधून शेवटी काय काय उचललं तेही दाखवतो.

आता मुख्य गोष्ट. डिफॉल्ट्स-फाइल या पर्यायाने तुम्ही सांगता की नेहमीच्या जागा सोड आणि ही एवढीच फाइल वाच. डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल म्हणजे नेहमीच्या वाच आणि ही आणखी एक. हॉटेलांच्या कामात मी कायम पहिलाच वापरायला सांगते. प्रत्येक हॉटेलची फाइल वेगळी, नावात हॉटेलची ओळख, आणि कमांडमध्ये तिचा रूटपासूनचा पूर्ण पत्ता. अर्धवट पत्ता दिलात तर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून तो मोजला जातो. डिसेंबरच्या सीझनमध्ये एका हॉटेलची दुरुस्ती दुसऱ्याच्या डेटाबेसवर चालली तर काय होईल याचा विचार केलात, की एवढं टाइप करायचा कंटाळा येणार नाही. दिलेली फाइल सापडली नाही तर क्लायंट एरर देऊन थांबतो, गुपचूप दुसरी उचलत नाही. ही मोठी सोय आहे. एक अपवाद लक्षात असू द्या: लॉगिनची माहिती सांकेतिक रूपात ठेवणारी मायलॉगिन फाइल होम फोल्डरमध्ये असेल, तर डिफॉल्ट्स-फाइल दिली तरी मायएसक्यूएल ती वाचतं.

हा पर्याय कमांडच्या नावानंतर लगेच, सगळ्यात आधी यावा लागतो. युजर किंवा होस्ट आधी लिहून तो मागे टाकलात की 'अननोन व्हेरिएबल' असा एरर येतो, आणि माणूस स्पेलिंग तपासत बसतो. स्पेलिंग बरोबरच असतं.

फाइलीच्या आतही गट असतात. क्लायंट या गटातलं सगळेच क्लायंट प्रोग्राम वाचतात, बॅकअप काढणारा मायएसक्यूएलडम्पसुद्धा. तिथे डेटाबेसचं नाव लिहून ठेवलंत तर साधा क्लायंट छान चालेल आणि बॅकअप मात्र अडेल. ते नाव मायएसक्यूएल या गटात टाका. पासवर्ड ज्या फाइलीत आहे तिची परवानगी 600 ठेवा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल. कुणालाही लिहिता येईल अशी फाइल असेल तर लिनक्सवर क्लायंट फक्त इशारा देऊन ती सोडून देतो, आणि इशारा वाचला नाही तर सेटिंग्ज गेली कुठे ते कळत नाही.

दुसऱ्या साधनाकडे वळलात की हेच नियम गृहीत धरू नका. दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचमध्ये मोठा एफ देऊन फाइल सांगतात, आणि तिथे आधी सापडलेली किंमत टिकते, मायएसक्यूएलच्या बरोबर उलट. कुबरनेटिस क्लस्टर हाताळणारं कुबेक्टल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून एकाहून अधिक फायली घेऊन त्या एकत्र करतं, पण कुबकॉन्फिग हा पर्याय दिला की तेवढी एकच वाचतं. ओरॅकल डेटाबेसच्या टीएनएस ॲडमिन या व्हेरिएबलमध्ये तर फाइलचा नव्हे, फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो. म्हणून मॅन्युअल उघडल्यावर तीन गोष्टी आधी शोधा: हा प्रोग्राम कुठे कुठे पाहतो, दोन फायलींत भांडण झालं तर कुणाचं ऐकतो, आणि मी सांगितलेली फाइल बाकीच्यांच्या जोडीला जाते की त्यांच्या जागी. मुलाखतीत कुणी कॉन्फिगरेशनबद्दल विचारलं तर याच तीन गोष्टींवर बोला. पुढचा माणूस जाणकार असेल तर त्याला लगेच कळतं की तुम्ही हात घालून काम केलं आहे.

मॅन्युअलनेही उलगडा झाला नाही, तर लिनक्सवर एसट्रेस या पाळत ठेवणाऱ्या साधनाखाली प्रोग्राम चालवून तो कुठल्या फायली उघडतो ते पाहता येतं. विंडोजवर तेच काम प्रोसेस मॉनिटर करतो.

रात्रीचा बॅकअप क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, लावताना हे सगळं पुन्हा तपासा. तिथे तो ज्या युजरच्या नावाने चालतो त्याचं होम फोल्डर तुमचं असेलच असं नाही, आणि तुमच्या टर्मिनलमध्ये ठेवलेले व्हेरिएबल तिथे पोचत नाहीत. स्क्रिप्टमध्येच डिफॉल्ट्स-फाइल पूर्ण पत्त्यासह लिहा, आणि घरी जाण्याआधी त्याच युजरच्या नावाने ती एकदा हाताने चालवून बघा.