कॉलेज फुटबॉलमधली जुनी घराणी ओळखायची कशी: स्पोर्ट्स डेटात येऊ पाहणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे आणि नियम मी सांगत बसणार नाहीये. डाऊन, यार्ड, बोल गेम (मोसम संपल्यावरचा खास सामना), कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एवढं तुम्हाला माहितीय असं धरून चालते. जी मुलंमुली इकडे एमएसला येतात, ज्यांनी शाळेपासून क्रिकेटची आकडेवारी घोकलेली असते, आणि ज्यांना इथे आल्यावर कळतं की आपल्याच कॅम्पसवर फुटबॉलचं एक अख्खं खातं आहे जिथे डेटावाली माणसं लागतात आणि विद्यार्थ्यांना तासावर काम मिळतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी लिंकनला शिकले, नेब्रास्कात. आता स्पोर्ट्स डेटातच नोकरी आहे. पण इथवर येताना फार दमछाक झाली, आणि त्यातली निम्मी तरी कोडिंगमुळे नव्हती. पायथन येतं हो सगळ्यांना. प्रत्येक मुलाखतीत कुठल्या ना कुठल्या रूपात एकच प्रश्न यायचा, की परंपरेने एलिट म्हणावेत असे प्रोग्रॅम (म्हणजे विद्यापीठांचे फुटबॉल संघ) कोणते आणि का. समोरचा माणूस हे लहानपणापासून आजोबांच्या शेजारी बसून शिकलेला, आणि आपण विमानातून उतरून काहीच महिने झालेले. ती धाकधूक मला अजून विसरता येत नाही.

तर नावं आधी देऊन टाकते. अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन, नोटर डेम, ओक्लाहोमा, टेक्सस, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि नेब्रास्का. या आठांना लोक ब्लू ब्लड, म्हणजे खानदानी, म्हणतात. नेब्रास्कावर हल्ली भांडणं होतात, आणि पेन स्टेट, जॉर्जिया, एलएसयू (लुइझियाना स्टेट), टेनेसी यांना आत घ्यायचं की नाही यावरही होतात. यादी पाठ करणं दहा मिनिटांचं काम आहे. पुढचं 'का' आलं की माणसं गडगडतात.

आता सापळा. हा भाग लांबणार आहे, पण कृपा करून सोडू नका.

नवीन माणूस काय करतो? नेटवरून राष्ट्रीय विजेतेपदांचा तक्ता उचलतो, उतरत्या क्रमाने लावतो, आणि वरचे दहा म्हणजे एलिट असं लिहून मोकळा होतो. तुम्ही तसा तक्ता लावलात तर सगळ्यात वर येईल प्रिन्स्टन, २८ विजेतेपदं, आणि त्याखाली येल, २७. दोन्ही आज आयव्ही लीगमधे, खेळाची शिष्यवृत्ती देतच नाहीत, वरच्या विभागात खेळतच नाहीत. १८६९ मधे पहिला सामना झाला तो रटगर्स आणि प्रिन्स्टनचाच, आणि पुढची कित्येक वर्षं हा खेळ म्हणजे ईशान्येकडच्या मूठभर कॉलेजांचा होता, त्यातून ते आकडे आलेत. बरं, मग कुणी म्हणतं जुनं काढून टाकू, १९३६ पासून एपी पोल (एपी वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून लावते ती संघांची क्रमवारी) सुरू झाला तिथून मोजू. हे बरं आहे, पण पुरेसं नाही.

कारण मुळात या सर्वोच्च विभागात एनसीएए (कॉलेजचे खेळ चालवणारी राष्ट्रीय संघटना) स्वतः विजेतेपद देतच नाही. खालच्या विभागांत देतं, इथे नाही. इथे पत्रकारांचा पोल, कोचेसचा पोल, शिवाय गणिती रेटिंगवाले, असे अनेक 'सिलेक्टर' वर्षानुवर्षं आपापला विजेता जाहीर करत आलेत, आणि विद्यापीठं त्यातलं सोयीचं उचलून स्टेडियमच्या भिंतीवर रंगवतात. पहिल्या दोन नंबरांचा सामना लावायची बीसीएसची पद्धत आली १९९८ मधे, चार संघांचा प्लेऑफ २०१४ मधे, बारा संघांचा २०२४ मधे. त्याआधीचं जवळपास सगळं मतांवर.

अलाबामाचं १९४१ बघा. त्या मोसमात ते दोन सामने हरले, आणि दोन्हींत एकही गुण करता आला नव्हता. एपीच्या शेवटच्या यादीत ते विसावे होते. पहिलं होतं मिनेसोटा, एकही सामना न हरता. तरी अलाबामाच्या अधिकृत यादीत १९४१ आहे, कारण एका सिलेक्टरच्या गणितात ते वर आले होते आणि १९८० च्या दशकात विद्यापीठाने जुनी वर्षं शोधून यादीत घातली. आता १९७३ घ्या. तेव्हा कोचेसचा शेवटचा पोल बोल सामन्यांच्या आधीच व्हायचा. अलाबामाला त्यांनी पहिलं ठरवलं, आणि मग ३१ डिसेंबरला शुगर बोलमधे नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ हरवलं. एपीने नोटर डेमला विजेता केलं. आज दोघंही १९७३ आपलं म्हणतात. पुढच्या वर्षीपासून कोचेसनी पोल बोलनंतर घ्यायला सुरुवात केली. टेक्सस ए अँड एमने २०१२ मधे एसईसी या दक्षिणेतल्या कॉन्फरन्समधे जाताना १९१९ आणि १९२७ ही वर्षं भिंतीवर चढवली. यूसीएफने (सेंट्रल फ्लोरिडा) २०१७ चं सांगितलं, सगळे सामने जिंकूनही त्यांना प्लेऑफला बोलावलं नव्हतं म्हणून. आणि उलट बाजूने नेब्रास्का पाचच सांगतं, १९७०, ७१, ९४, ९५, ९७, जरी एखाद्या सिलेक्टरने त्यांना इतर वर्षांतही पहिलं ठरवलेलं आहे. त्यातलं १९९७ सुद्धा मिशिगनसोबत वाटून घेतलेलं, एपीत मिशिगन आणि कोचेसच्या पोलमधे नेब्रास्का. लिंकनमधे कुणाच्या घरी जेवायला गेलात तर हा विषय काढू नका, एवढं ऐका माझं.

म्हणजे 'विजेतेपदं' नावाचा जो कॉलम तुम्ही मॉडेलमधे घालताय त्यात काही ठिकाणी मैदानावरचा निकाल आहे, काही ठिकाणी पत्रकारांचं मत आहे आणि काही ठिकाणी विद्यापीठाच्या प्रसिद्धी खात्याची मेहनत आहे. तिघांना एकाच रकान्यात बसवून रिग्रेशन चालवलंत तर मुलाखत घेणारा कोड बघतसुद्धा नाही. तो पहिल्या ओळीतच ओळखतो.

एकूण विजयांचंही तसंच. मिशिगन २०२३ मधे हजार विजय गाठणारं पहिलं. पण नऊशेच्या वर विजय असलेल्यांत येलपण आहे, मग काय करणार?

एपी पोल वापरायचा तर तिथेही जपून. आज यादी २५ संघांची, ती १९८९ पासून. त्याआधी बरीच वर्षं २०, आणि साठच्या दशकात मधली काही वर्षं फक्त १०. म्हणून 'टॉप २५ मधे किती वेळा' हा आकडा दशकादशकांत तुलनेला चालत नाही, टॉप १० चालतो. दशकवार टॉप १० घ्या आणि शेजारी प्रशिक्षकाचं नाव लिहा. शेजारचा तो कॉलम तुम्हाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त शिकवेल.

मला जे म्हणायचंय ते या कॉलममधे आहे. मोठा प्रशिक्षक कुठेही येऊन दहा-पंधरा वर्षं गाजवू शकतो. परंपरा आहे की नाही ते तो गेल्यावर दिसतं. गाण्यातल्या घराण्यासारखंच, बुवा गेल्यावर गायकी उरते का ते बघायचं. ओहायो स्टेटला पॉल ब्राऊन, वुडी हेज, जिम ट्रेसल, अर्बन मायर आणि रायन डे अशा पाच वेगवेगळ्या माणसांनी विजेतेपद आणून दिलं, पहिलं १९४२ चं आणि अलीकडचं २०२४ च्या मोसमाचं. ओक्लाहोमाच्या चार प्रशिक्षकांनी तिथे प्रत्येकी शंभरच्या वर सामने जिंकलेत. अलाबामा प्रशिक्षक बेअर ब्रायंटनंतर १९९२ चं विजेतेपद सोडलं तर बरंच भरकटलं, २००० मधे तर ३-८ झालं (तीन जिंकले, आठ हरले). पण २००७ मधे निक सेबन आला तेव्हा काय झालं बघा: आधीच्या मोसमात ६-७ झालेल्या संघाचा एप्रिलमधला सराव सामना, आपल्याच दोन तुकड्यांचा, बघायला ९२ हजार लोक आले. सराव सामना! त्याच्या कराराला आठ वर्षांचे ३.२ कोटी डॉलर मोजायची विद्यापीठाची तयारी होती. तरी पहिल्या वर्षी तो लुइझियाना-मनरोकडून घरच्या मैदानावर हरला. पुढे सहा विजेतेपदं. लोक हरण्याच्या काळात येतात, म्हणून पैसा असतो, म्हणून चांगला प्रशिक्षक मिळतो, म्हणून चांगली पोरं येतात. हे चक्र एका माणसावर अवलंबून नसतं.

याच मापात मिनेसोटा बसवा. १९३४ ते १९४१ मधे पाच विजेतेपदं, १९६० मधे अजून एक. त्यानंतर काही नाही. विजेतेपदं खरी, पण आज त्यांना कुणी त्या पंगतीत धरत नाही.

हा नियम सगळीकडे लागतो असंही नाही. मायामीने १९८३ ते २००१ मधे चार वेगवेगळ्या प्रशिक्षकांखाली पाच विजेतेपदं घेतली, तरी जुने लोक त्यांना ब्लू ब्लड म्हणायला कचरतात. ८३ च्या आधीचं फारसं काही नाही, आणि कॅम्पसवर स्वतःचं स्टेडियमही नाही. मला विचाराल तर हा थोडा अन्याय आहे, पण मुलाखतीत हे उदाहरण स्वतःहून काढा, समोरचा सरसावून बसतो.

आता नेब्रास्का, कारण हे मी जवळून पाहिलंय. राज्याची लोकसंख्या जेमतेम २० लाख. एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघ नाही, फुटबॉलमधलं दुसरं मोठं विद्यापीठ नाही, त्यामुळे सगळ्या राज्याचं प्रेम एकाच ठिकाणी. १९६२ मधे प्रशिक्षक म्हणून बॉब डेवेनी आला, मग १९७३ ते ९७ टॉम ऑस्बोर्न, पंचवीस मोसम आणि प्रत्येकात किमान नऊ विजय. गावागावातली शेतकऱ्यांची पोरं शिष्यवृत्तीशिवाय 'वॉक-ऑन' म्हणून यायची आणि तीन-चार वर्षं वजनं उचलून संघात शिरायची. शरीर कमावण्यासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमणं बॉइड एपलीच्या रूपाने १९६९ मधे इथेच सुरू झालं असं मानतात. मग २००३ मधे नऊ सामने जिंकलेल्या प्रशिक्षक फ्रँक सोलिकला काढलं, आणि पुढच्याच वर्षी सलग ३५ वर्षं चाललेली बोल सामन्यांची साखळी तुटली. शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद १९९९ चं. ९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून परत आला, त्यालाही जमलं नाही. २०१७ ते २०२३ एकही बोल सामना नाही.

आणि तरी मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला भरलेलं आहे. चारशेच्या वर सामने झाले. मधे देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेऊन मुलांना वाटली म्हणून हा आकडा टिकला, हेही खरंय आणि प्रोजेक्टमधे तसं लिहायला हवं. पण शनिवारी सकाळी ओ स्ट्रीटवर उभं राहिलात की लाल शर्टातली आज्जी, तिचा मुलगा, नातू, हातात कागदात गुंडाळलेला रुन्झा (मटणाचा खिमा आणि कोबी भरलेला पाव समजा, फक्त मटण नाही बीफ असतं), सगळे एकाच दिशेने चाललेले दिसतात. आपण सामना हरलो तरी पाहुणा संघ बोगद्याकडे जायला लागला की उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला वाटलं आपण जिंकलो की काय. कुठल्या डेटासेटमधे हे बसवायचं ते मला अजून जमलेलं नाही, पण परंपरा म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

परंपरा पुरते का, तर नाही. पोरं कुठे जन्मतात हे निर्दय आहे. टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, जॉर्जियातून प्रतिभा येते आणि लिंकन त्या सगळ्यापासून लांब. 'ब्लू-चिप रेशो' शिकून घ्या, म्हणजे चार वर्षांच्या भरतीत चार आणि पाच स्टारवाली पोरं (शाळकरी खेळाडूंना स्टार देतात, पाच सगळ्यात वरचे) निम्म्याहून जास्त आहेत का. शिष्यवृत्त्यांवर १९७३ मधे १०५ ची मर्यादा आली, मग ९५, मग नव्वदच्या दशकात ८५, तशी मोठ्यांची साठेबाजी कमी झाली. १९८४ मधे सुप्रीम कोर्टाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची पकड मोडली, तिथून पैशाचं गणित बदललं, आणि नोटर डेमला तर १९९१ पासून एनबीसी वाहिनीशी स्वतःचा करार मिळाला. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९८८ चं! २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद), आणि २०२१ पासून एनआयएल (खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा). हे सगळं तारखांसकट माहिती हवं, नाहीतर १९७५ आणि २०२५ ची भरती एकाच मॉडेलमधे घालाल.

आणि इतिहास गोड करून सांगू नका. १९६९ च्या टेक्सस संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि तसा तो शेवटचाच विजेता. दक्षिणेतल्या कित्येक प्रोग्रॅमची जुनी वैभवं वर्णभेदाच्या भिंतीच्या आतली आहेत. हे बोलताना चाचरायचं कारण नाही, इथले चांगले लोक स्वतःहून बोलतात.

मेंटरबद्दल माझं मत कडक आहे. लिंक्डइनवर 'स्पोर्ट्स ॲनालिटिक्स रोडमॅप' विकणाऱ्यांना एक डॉलर देऊ नका. कोर्सची सर्टिफिकेटं कुणी बघत नाही. त्यापेक्षा इक्विपमेंट रूममधला वीस वर्षं हेल्मेटं दुरुस्त करणारा माणूस गाठा, त्याला विचारा कुठला प्रशिक्षक का गेला. रँकिंगचे यूट्यूब व्हिडिओ मनोरंजन म्हणून ठीक. गेम फिल्म बघत प्रत्येक प्लेची नोंद करायचं रटाळ काम कुणी दिलं तर नाही म्हणू नका, सगळं शिक्षण तिथेच आहे. आणि उच्चारांची लाज, मधेच न कळलेला विनोद, सगळ्यांना कळतंय आणि आपल्यालाच नाही ही भावना, ही जाते. हळूहळू जाते. क्रिकेटमधून आलेल्या माणसाला आकड्यांमागचा संदर्भ विचारायची सवय असते, खेळपट्टी कशी होती, समोर गोलंदाजी कुणाची होती, तीच सवय इथे कामाला येते.

कामाच्या दोन गोष्टी. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच, आणि कॅम्पसवरच. मोसमात शनिवार जातोच, रविवारीपण फिल्म असते, त्यामुळे फॉल सत्रात अवघड विषय एकत्र घेऊ नका, मी बघितलीत त्यात होरपळलेली मुलं. सराव शिबिर ऑगस्टच्या तोंडावर सुरू होतं आणि तोवर माणसं ठरलेली असतात, म्हणून मेल वसंतातच टाका, दशकवार टॉप १० आणि प्रशिक्षकांचा तो तक्ता जोडून, आणि विजेतेपदांच्या कॉलममधे प्रत्येक वर्षापुढे कुणी दिलं ते लिहून.