कॅपाडोकियातील पहाटेची बलूनफेरी : या चुका टाळा

तुर्कस्तानच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या, तर कॅपाडोकियासाठी बहुधा दोन रात्री ठेवलेल्या दिसतात आणि अखेरच्या पहाटेपुढे ‘हॉट एअर बलून, ऐच्छिक, हवामान अनुकूल असल्यास’ अशी एक ओळ असते. त्या ओळीतले शेवटचे तीन शब्द नीट न वाचणे, ही या फेरीबाबत होणारी सर्वांत महागडी चूक आहे. अखेरच्या पहाटे उड्डाण रद्द झाले की दुपारी कायसेरीहून इस्तंबूलचे विमान गाठायचेच असते आणि ज्या एका तासासाठी एवढा प्रवास केला, तोच तास राहून जातो.

उड्डाण रद्द का होते, हे समजून घेतले तर पुढचे नियोजन सोपे होते. बलूनला सुकाणू नसते. आतली हवा बर्नरने साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ती बाहेरच्या हवेपेक्षा हलकी होते आणि बलून वर जातो; ती थोडी निवू दिली, किंवा माथ्यावरची झडप उघडून बाहेर सोडली, की तो खाली येतो. पायलटच्या हाती एवढेच असते. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा वेगळी असते, तिचा अंदाज घेत तो वर-खाली होतो आणि त्यातूनच हवी ती दरी गाठतो. सूर्य वर आला आणि जमीन तापू लागली की हवेचे झोत वर उठू लागतात आणि हे गणित बिघडते. म्हणून फेरी पहाटेची असते, केवळ सूर्योदयाच्या देखाव्यासाठी नव्हे.

कॅपाडोकियात उडायचे की नाही, हे बलून चालवणारी कंपनी ठरवत नाही. देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली त्या पहाटेच्या वाऱ्याचा आढावा घेतला जातो आणि हिरवा, पिवळा किंवा लाल असा निशाणाचा रंग जाहीर होतो. हिरवा म्हणजे परवानगी, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. हॉटेलच्या अंगणात एक पानही हलत नसताना लाल निशाण लागू शकते, कारण आक्षेप वरच्या थरातल्या वाऱ्याला असतो. अशा वेळी स्वागतकक्षात उभे राहून ‘आकाश तर स्वच्छ आहे’ असा वाद घालण्यात अर्थ नसतो. निशाण पिवळे असताना कंटाळून खोलीवर परतणे, हीदेखील चूकच आहे. अर्ध्या-पाऊण तासात रंग बदलून उड्डाणे सुरू होतात आणि झोपायला गेलेला माणूस खाली राहतो.

उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: तेथे किमान तीन रात्री राहावे, बलूनचे आरक्षण पहिल्याच पहाटेचे करावे आणि उरलेल्या दोन पहाटा मोकळ्या ठेवाव्यात. पहिली पहाट हुकली, तर दुसरी असते. ‘आल्या आल्या दमलेलो असू, पहिली सकाळ झोपेची’ हा विचार मराठी प्रवाशांच्या बाबतीत तसाही लागू पडत नाही. भारताची वेळ तुर्कस्तानच्या अडीच तास पुढे असल्यामुळे तिथले पहाटेचे चार म्हणजे आपले साडेसहा; मुंबईहून नुकत्याच आलेल्या माणसाला त्या वेळी आपोआप जाग येते. चार दिवस इस्तंबूलमध्ये राहून, तिथल्या घड्याळाची सवय लावून घेऊन आलेल्यालाच उठणे जड जाते.

ऋतूचा विचारही याच हिशेबात करावा. हिवाळ्यात वारा, बर्फ आणि धुके यांमुळे उड्डाणे वारंवार रद्द होतात. उन्हाळ्याचे महिने आणि त्यापुढचे सप्टेंबर-ऑक्टोबर त्यामानाने भरवशाचे असतात. बर्फाने झाकलेल्या सुळक्यांवरून उडण्याची हौस असेल तर हिवाळ्यात अवश्य जावे, मात्र मग तीनऐवजी चार-पाच पहाटा हाताशी ठेवाव्यात. तुर्कस्तानात वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळली जात असल्यामुळे जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो, तर डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ आठ वाजतात. मे महिन्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेली वेळ डिसेंबरमध्ये उपयोगाची नाही.

आरक्षण करताना लोक दर विचारतात आणि तिथेच थांबतात. दर युरोत सांगितला जातो, तो हंगामाप्रमाणे बदलतो आणि दोन-तीन दिवस उड्डाणे बंद राहिली की अडकून पडलेल्या गर्दीमुळे एकदम चढतो. म्हणूनच ‘तिथे गेल्यावर स्वस्तात बघू’ हा डाव बऱ्याचदा उलटतो. दराबरोबर विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. टोपलीत किती माणसे असतील? मोठ्या टोपलीत वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक प्रवासी कप्प्याकप्प्यांत उभे असतात आणि अशा वेळी मधल्या रांगेतल्या, उंचीने कमी असलेल्या माणसाला समोरच्याच्या खांद्यावरून दरी पाहावी लागते. हंगामात काही कंपन्या एका सकाळी दोन उड्डाणे करतात. आपले उड्डाण पहिले की दुसरे, हे विचारले नाही तर सूर्य चांगला वर आल्यावर ‘सूर्योदयाची फेरी’ सुरू होते. रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतात की फक्त पुढची तारीख मिळते, आणि पुढच्या पहाटेसाठी आपला क्रम कुठे लागतो, हेही लेखी घ्यावे.

दोराने जमिनीला बांधलेला बलून आणि मुक्त उड्डाण, यांतला फरकही अनेकांना माहीत नसतो. आपल्याकडच्या बलून महोत्सवांत दहा-पंधरा मिनिटांसाठी जो बांधलेला बलून वर-खाली केला जातो, त्याच्या अनुभवावरून कॅपाडोकियाच्या फेरीचा अंदाज बांधू नये. तेथील उड्डाण साधारण तासाभराचे असते आणि सुटलेल्या जागी परत येत नाही. टोपली वाहणारी गाडी खालून बलूनचा माग काढत जाते आणि जिथे तो उतरेल तिथे पोहोचते. नवऱ्याने उड्डाणाच्या मैदानावर थांबायचे आणि बायकोने उतरून तिथेच भेटायचे, असे ठरवलेल्या जोडप्यांची मग सकाळभर शोधाशोध चालते.

सुरक्षिततेबाबत दोन टोके दिसतात. एक तर काहीच न विचारणे किंवा भलतेच घाबरणे. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमधील लक्सर येथे उतरताना इंधनाच्या नळीला गळती लागून बलूनने पेट घेतला आणि १९ जणांचा मृत्यू झाला. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण रस्त्यावर गाठून निम्म्या दरात जागा देऊ करणाऱ्या दलालाकडून पावतीशिवाय आरक्षण करू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. कंपनी परवानाधारक आहे ना, प्रवाशांचा विमा आहे ना, हे पाहावे आणि आपण मुंबई-पुण्यात काढलेल्या प्रवास विम्यात बलूनसारखे साहसी प्रकार वगळलेले आहेत का, तेही वाचावे. ते कलम सहसा शेवटच्या पानांवर असते.

आरक्षणाच्या वेळी वजन विचारले जाते, ते खरे सांगावे. पायलट त्या आकड्यांवरून कप्प्यांतला भार वाटतो आणि किती माणसे घ्यायची ते ठरवतो. संकोचाने दहा किलो कमी सांगितलेले वजन टोपलीला कळतेच. गर्भवतींना आणि अगदी लहान मुलांना घेत नाहीत. मुलांसाठी वयाची अट असते, ती आधी विचारावी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, पाठीचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत, कारण टोपलीला दार नसते. छातीएवढ्या उंच वेताच्या भिंतीतल्या खाचांत पाय ठेवून आत चढावे लागते, तासभर उभे राहावे लागते आणि उतरताना गुडघे वाकवून धक्का सोसावा लागतो. आईवडिलांना ‘फक्त उभे तर राहायचे आहे’ असे सांगून नेणारी मुले ही भिंत विसरतात.

कपड्यांच्या बाबतीत आपली माणसे कधी कमी पडतात, तर कधी अति करतात. कॅपाडोकियातील गोरेमे गावाचा परिसर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे जुलैतही पहाटे गारवा असतो आणि जानेवारीत पारा शून्याखाली जातो. हा गारवा मुख्यतः मैदानावर वाट पाहताना बाधतो. वर गेल्यावर बलून वाऱ्याबरोबरच वाहत असल्यामुळे अंगाला वारा लागत नाही आणि डोक्यावर बर्नरची धग असते, इतकी की उंच माणसांना टोपी घातल्याशिवाय उभे राहणे नको होते. म्हणून एकच जाड कोट घालण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन थर बरे. कानटोपीची चेष्टा करणाऱ्यांनी ती मुकाट्याने खिशात ठेवावी. फोटोसाठी साडी, लांब गाऊन किंवा उडती नायलॉनची ओढणी घालून येण्याची हौस समजू शकते, पण खाचांत पाय ठेवून चढताना आणि ज्योतीखाली उभे राहताना तीच अडचणीची ठरते; तसे फोटो नंतर हॉटेलच्या गच्चीवरून, मागे बलून घेऊन, अधिक चांगले येतात. पायात बंद, सपाट बूट असावेत. उतरण्याची जागा म्हणजे दवाने भिजलेले किंवा नांगरलेले शेतही असू शकते.

बलूनमध्ये स्वच्छतागृह नाही, हे सांगायची गरज वाटू नये. तरीही हॉटेलातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तीनएक तास जातात, याचा हिशेब न करता दोन कप चहा पिऊन निघणारे असतातच. मधुमेह असणाऱ्यांनी गोळीची वेळ आणि खाणे यांची सांगड आदल्या रात्रीच घालावी आणि खिशात चार बिस्किटे ठेवावीत. मोठी पिशवी सोबत नेऊ नये, ती ठेवायला जागाच नसते.

उंचीची भीती वाटते म्हणून नकार देणाऱ्यांनी एकदा पुन्हा विचार करावा. इमारतीच्या कठड्यावरून खाली पाहताना जमिनीशी जोडलेली भिंत दिसते आणि गरगरते. बलूनमध्ये तशी भिंत नसते, धक्केही नसतात, त्यामुळे अनेकांना ती भीती तिथे जाणवत नाही. उलट, सुरुवातीला बलून मुद्दाम खाली, दरीतल्या सुळक्यांमधून नेला जातो, तेव्हाच काही जण दचकतात. तो प्रकार फेरीतला सर्वोत्तम असतो. या सुळक्यांना तुर्की भाषेत ‘परीची धुराडी’ अशा अर्थाचे नाव आहे आणि त्यातली परी आपल्या मराठीतलीच परी आहे, कारण दोन्ही भाषांनी ती फारसीतून घेतली. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड झिजत गेला, वरचा कठीण थर टोपीसारखा टिकून राहिला आणि हे सुळके तयार झाले. माणसांनी त्यांत घरे, चर्च आणि कबुतरांचे खुराडे कोरले. १९८५ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. हे सारे हाताच्या अंतरावरून सरकत असताना फोनच्या पडद्यात डोके घालून बसणे, ही चूक कोणी सांगून सुधारत नाही. फोन गळ्यातल्या दोरीला अडकवावा, सेल्फी स्टिक खालीच ठेवावी आणि कोपऱ्यासाठी रेटारेटी करू नये; पायलट बलून जागेवर फिरवतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला पाळी मिळते. त्याच्याशी गप्पा मात्र बेताने माराव्यात. दोन बलून वरखाली असतील, तर खालच्याला वरचे दिसत नाही, म्हणून बाजूला होण्याची जबाबदारी वरच्यावर असते, आणि आपला पायलट सतत खाली पाहत, रेडिओवर कान ठेवून हेच करत असतो. आसपासच्या दोरांना हात लावू नये. त्यांतला एखादा, सहसा लाल रंगाचा, हवा सोडण्यासाठी असतो.

उतरण्याआधी पायलट सर्वांना ‘लँडिंग पोझिशन’ घ्यायला सांगतो. त्याचा सराव उड्डाणापूर्वी करून घेतला जातो, तेव्हा अर्धे प्रवासी फोटो काढत असतात. पाठ प्रवासाच्या दिशेकडे, गुडघे वाकलेले, दोन्ही हातांनी आतल्या दोराच्या मुठी घट्ट धरलेल्या, आणि फोन व कॅमेरा आत ठेवलेला, एवढेच करायचे असते. वारा नसेल तर कुशल पायलट टोपली थेट गाडीच्या ट्रॉलीवर अलगद टेकवतो. वारा असेल तर टोपली घसटत जाते आणि क्वचित आडवीही होते. ताठ पाय ठेवून उभा राहिलेला माणूस आणि शेवटचा व्हिडिओ काढण्यासाठी एक हात सोडलेला माणूस, या दोघांना दुखापत होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

टोपली जमिनीला लागली की उडी मारून बाहेर पडण्याचा मोह आवरावा. आतल्या हवेत अजून उचलण्याची ताकद असते. सत्तर-ऐंशी किलोचा एक माणूस अचानक उतरला, तर हलकी झालेली टोपली उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर उठू शकते. पायलट एकेका कप्प्यातून एकेकाला बोलावतो, तोपर्यंत आत थांबावे.

घरातल्या ज्यांना वर जाता येणार नाही, त्यांना हॉटेलात झोपवून ठेवू नये. गोरेमे गावाच्या वरच्या टेकडीवर सूर्योदयाआधी पोहोचले, तर अंधारात एकेक बलून कंदिलासारखा उजळताना, उठताना आणि डोक्यावरून जाताना दिसतो. तिथे जाताना शाल, घडीची खुर्ची आणि थर्मासमध्ये चहा न्यावा.