पंप नुसता गुरगुरत होता, कारण निघालं मीठ

गणपतीच्या चार दिवस आधी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरचा विहिरीवरचा पंप नुसता गुरगुरायला लागला, फिरेचना. पंपाला सुरू व्हायला जोर देणारा कॅपॅसिटर नवा घातला तरी तेच. मीटरवर २३० व्होल्ट, पण पंप चालू केला की थेट १६०, म्हणजे वाटेत कुठेतरी करंट अडत होता. मेन बंद करून स्टार्टरचा डबा उघडला तर न्यूट्रल वायरच्या लगवर (वायरच्या टोकाला बसवतात ती धातूची पट्टी) हिरवी पूड, स्क्रू गंजून सैल आणि शेजारचं इन्सुलेशन काळं पडून कडक झालेलं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओलावा ओढून धरतं, त्यामुळे डबा कोरडा दिसला तरी आत तांबं खात राहतं, रेझिस्टन्स वाढतो आणि जॉइंट तापतो, हे तापणंच खरं धोक्याचं. वायर नुसती घासून परत लावू नका, इन्सुलेशनच्या आतही काळी पडलेली असते, मला चांगली चार इंच कापावी लागली तेव्हा कुठे चकचकीत तांबं दिसलं. मग कथिलाचा मुलामा असलेला लग क्रिम्प केला, म्हणजे पकडीने वायरवर दाबून बसवला, नवा पितळी स्क्रू घट्ट आवळला, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. डब्यात वायर वरून यायची, ती खालून घेतली, भोकात रबरी ग्लँड (वायरभोवतीची फट बंद करणारं बूच) लावून, म्हणजे वायरवरून ओल आत उतरत नाही. आता पंप चालू असताना २२४ दाखवतं.