फ्रीबीएसडी: सोर्समधून 'करंट'वर जाताना

फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमचा विकास गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनातील 'मेन' ब्रँचवर (मुख्य शाखेवर) चालतो आणि तिलाच 'करंट' म्हणतात. सिस्टीम प्रोग्रामिंगकडे वळणाऱ्यांनी एखादी 'रिलीज' आवृत्ती बसवून तिथून सोर्सच्या वाटेने, म्हणजे सिस्टीमचा मूळ कोड स्वतः कंपाइल करून, 'करंट'वर जावे, असे मी आवर्जून सुचवतो. मात्र रोजच्या कामाचे मशीन त्यासाठी वापरू नये. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम असल्यास आधी 'बीईसीटीएल' या आज्ञेने नवे बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची बूट करता येणारी वेगळी प्रत) तयार करावे, म्हणजे काही बिघडले तर बूट मेनूतून जुन्या सिस्टीमवर परतता येते.

सोर्स उतरवून घेतल्यावर त्यातील 'अपडेटिंग' नावाची फाइल वाचावी. तिच्यात नव्यात नवी नोंद सर्वांत वर असते, त्यामुळे आपली सिस्टीम ज्या तारखेच्या सोर्सची आहे त्या तारखेपर्यंत खाली वाचत जावे. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात.

कर्नल (सिस्टीमचा गाभा) सोडून बाकीची मूळ सिस्टीम कंपाइल करणाऱ्या 'मेक बिल्डवर्ल्ड' या आज्ञेचा मोठा वेळ एलएलव्हीएम आणि क्लँग हा कंपायलर संच कंपाइल होण्यात जातो, कारण कंपायलर हाही मूळ सिस्टीमचाच भाग आहे. रॅम कमी असेल तर समांतर जॉब्सची संख्या कमी ठेवावी. पुढच्या खेपांसाठी 'मेटा मोड' सुरू करून 'फाइलमॉन' हे फाइलींच्या वापराची नोंद ठेवणारे कर्नल मोड्यूल लोड केल्यास फक्त बदललेला भागच पुन्हा कंपाइल होतो.

त्यानंतर 'बिल्डकर्नल' आणि 'इन्स्टॉलकर्नल' या आज्ञांनी नवा कर्नल बांधून बसवावा, शक्यतो सिंगल-यूझर मोडमध्ये (फक्त रूटसाठीच्या किमान सिस्टीममध्ये) रीबूट करावे आणि मगच बाकीची सिस्टीम बसवणारे 'इन्स्टॉलवर्ल्ड' चालवावे. या क्रमाला कारण आहे: नवा कर्नल जुने प्रोग्राम सहसा चालवून घेतो, पण नव्या प्रोग्रामना लागणारे सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागण्या) जुन्या कर्नलमध्ये असतीलच असे नाही, आणि तसे झाल्यास साधा शेलही चालेनासा होऊ शकतो. नवा कर्नल बूटच झाला नाही, तर आधीचा 'कर्नल.ओल्ड' या नावाने जागेवर असतो आणि तो लोडरमधून (कर्नल सुरू करणाऱ्या बूट प्रोग्राममधून) निवडता येतो.

सर्वाधिक लक्ष मागणारे काम 'ईटीसीअपडेट'चे, म्हणजे 'ईटीसी' डिरेक्टरीतील कॉन्फिगरेशन फाइली अद्ययावत करणाऱ्या आज्ञेचे आहे. 'इन्स्टॉलवर्ल्ड'च्या आधी ते '-पी' आणि नंतर '-बी' हा पर्याय देऊन चालवतात. फाइलची जुनी मूळ प्रत, नवी मूळ प्रत आणि आपण बदललेली प्रत अशा तिन्हींची तुलना करून ते बदल एकत्र करते. जिथे मेळ बसत नाही तिथे 'रिझॉल्व्ह' म्हणून निर्णय आपल्यावर सोपवते. यूझर आणि पासवर्ड यांची नोंद असलेल्या 'मास्टर.पासडब्ल्यूडी' या फाइलच्या बाबतीत घाईने नवी मूळ प्रत स्वीकारली, तर आपले यूझर आणि रूटचा पासवर्ड दोन्ही जातात.

कालबाह्य फाइली काढणारे 'डिलीट-ओल्ड' लगेच चालवायला हरकत नाही, परंतु जुन्या लायब्ररी काढणारे 'डिलीट-ओल्ड-लिब्ज' मात्र पोर्ट्स आणि पॅकेजेस (वरून बसवलेले इतर सॉफ्टवेअर) नव्याने बसवल्यावरच चालवावे. ग्राफिक्सचे 'डीआरएम-केमॉड'सारखे मोड्यूलही नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. एवढे करूनही मशीन मंद वाटले, तर त्यात बिघाड शोधत बसू नये: 'करंट'च्या 'जेनेरिक' या नेहमीच्या कर्नलमध्ये 'विटनेस' आणि 'इन्व्हेरियंट्स' या चुका पकडणाऱ्या, पण वेग कमी करणाऱ्या तपासण्या मुद्दाम सुरू ठेवलेल्या असतात, आणि त्या नको असणाऱ्यांसाठी 'जेनेरिक-नोडीबग' हे कर्नल कॉन्फिगरेशन सोर्समध्येच दिलेले आहे.