आरव्ही घेऊन वॉशिंग्टनला निघालात? आधी या चुका टाळा

मार्च उजाडला, चेरी ब्लॉसमचे फोटो फिरायला लागले, की न्यू जर्सीतल्या ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात. "या वेळी हॉटेल नको, आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतोय. काही टिप्स?" टिप्स मी देतो, पण ऐकत कोणी नाही. परत आल्यावर डिपॉझिट कापलं म्हणून पुन्हा फोन येतो. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

एखाद्या मोकळ्या स्टेट पार्कात आरव्ही नेली तर चार चुका खपून जातात. शहराजवळ गर्दी असते, बोगदे असतात, शेजारची साइट, म्हणजे कॅम्पग्राउंडमधली गाडी लावायची जागा, हाताच्या अंतरावर असते. तिथे मोठी गाडी मिळालीय एवढ्याच भांडवलावर जाऊ नका.

फोनच्या मॅपवर डोळे मिटून विश्वास

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. फोनला वाटतं तुम्ही साध्या कारमध्ये आहात. तुमच्या डोक्यावर 11-12 फूट उंची आहे आणि पोटाखाली प्रोपेनची टाकी आहे, हे त्याला कोण सांगणार?

न्यू जर्सीहून आय-95 हायवेने खाली आलात की बाल्टिमोर लागतं. फोन सरळ फोर्ट मॅकहेन्री टनेलमध्ये घालतो, तिथे ट्रॅफिक असला तर हार्बर टनेलमध्ये. दोन्हीकडे 10 पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला बंदी आहे. घरी बार्बेक्यूला लावतो तो साधा सिलिंडरच 20 पौंडांचा असतो. आरव्हीच्या टाकीचं तर बोलायलाच नको. "कॉक बंद केलाय ना, मग काय झालं?" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. कॉक उघडा आहे की बंद, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. गॅस गाडीत आहे, विषय संपला.

पूर्वी अशा गाड्यांना बाल्टिमोरच्या पूर्वेकडून, फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जाता यायचं. 26 मार्च 2024 ला मालवाहू जहाज धडकून तो पूल पडला. जुन्या लेखांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये अजून तोच रस्ता सांगितलेला सापडतो. तो डोक्यातून काढून टाका. आता शहराच्या उत्तरेला एक्झिट 64 वर आय-95 सोडायचा, टोसनच्या बाजूने आय-695 या रिंगरोडचा पश्चिमेकडचा वळसा घ्यायचा आणि नैर्ऋत्येला पुन्हा आय-95 पकडायचा. वेळ जरा जास्त जातो, जाऊ द्या.

मी स्वतः निघायच्या आदल्या रात्री एक्झिटचे नंबर जाड मार्करने कागदावर लिहितो आणि डॅशबोर्डला चिकटवतो. त्याच्याच खाली गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, फूट-इंचात. आरव्हीसाठीची वेगळी नेव्हिगेशन ॲप्स आहेत, चांगली आहेत, वापरा. पण बायको शेजारी बसून कागद वाचते तेव्हा मला जास्त भरवसा वाटतो.

गाडी घेऊन शहरात घुसणं

नका करू. नॅशनल मॉलजवळ (दुकानांचा मॉल नव्हे, म्युझियमांमधलं मोठं मैदान) 30 फुटी गाडीला जागा शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो, आणि पार्किंग गराजमध्ये तर ती दारातूनच आत शिरणार नाही. शहराबाहेर मुक्कामाला कॉलेज पार्कचं चेरी हिल पार्क असो की नॅशनल पार्क सर्व्हिसचं ग्रीनबेल्ट पार्क, दोन्ही मेट्रोच्या ग्रीन लाइनपासून जवळ आहेत. गाडी साइटवर लावा, स्टेशन गाठा आणि आर्काइव्ह्जला उतरा. तिथून म्युझियम चालत.

ग्रीनबेल्टबद्दल एक गोष्ट मात्र बुकिंग करण्याआधी वाचा: तिथे हूकअप नाहीत. ना वीज, ना पाणी, ना सिवर (सांडपाण्याची जोडणी). स्वस्त दिसलं म्हणून जुलैमध्ये बुक करतात आणि मग घामाघूम होऊन विचारतात, एसी का लागत नाही? जेनरेटर आहे की, पण रात्री शांततेच्या वेळेत तो बंद ठेवावा लागतो. उन्हाळ्यात पोरं-म्हातारी माणसं बरोबर असतील तर सरळ पैसे मोजा आणि हूकअपवाली साइट घ्या.

ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं

आता जरा घाण विषय. ब्लॅक टँक म्हणजे टॉयलेटची टाकी; सिंक आणि शॉवरचं पाणी जातं ती ग्रे. जेवत असाल तर नंतर वाचा.

फुल हूकअपची साइट मिळाली की नवशिक्यांना वाटतं, सिवरचा पाइप जोडला, व्हॉल्व्ह उघडला, आता घरच्यासारखं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या साइटवर एक मराठी कुटुंब होतं. पाइप जोडल्यापासून यांचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडेच. निघायच्या सकाळी तो तरुण माझ्याकडे आला. "काका, टाकी तर रोजच रिकामी होतेय, मग आत इतका वास कसा? आणि मीटर फुल दाखवतोय." मी मीटर बघितलाच नाही, नुसते व्हॉल्व्ह बघितले.

होतं काय, पातळ ते लगेच वाहून जातं आणि घट्ट ते टॉयलेटच्या बरोबर खाली साचत राहतं. त्यात कागद. चार दिवसांत त्याची वारुळासारखी रास होते, आणि ती वाळली की नुसत्या पाण्याने हलत नाही. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, टॉयलेटमधून बादल्यांनी पाणी ओतलं, तीन-चार तास भिजू दिलं, मग पार्कातच गाडीच्या दोन फेऱ्या मारून टाकी घुसळली. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाइपच्या पारदर्शक तुकड्यातून आधी गढूळ पाणी, मग काहीच नाही, आणि मग एकदम सगळं धडधडत आलं. त्याची बायको तोवर दोन साइट पलीकडे जाऊन उभी राहिली होती. चेकआउटची वेळ टळली ती टळलीच.

माझी पद्धत साधी. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद. पहिल्याच दिवशी टाकीत थोडं पाणी सोडून ठेवायचं. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. कागद पाण्यात विरघळणाराच. टाकीत टाकायच्या गोळ्या, पुड्या, जादूची द्रावणं यांवर माझा फारसा विश्वास नाही. भरपूर पाणी ओतायचा कंटाळा करू नका, एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

30 अँपच्या जोडणीवर 3600 वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावलात तर ब्रेकर पडणारच. तो पार्कवाल्यांचा दोष नाही.

पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. विसरलात तर सिंकखाली तळं.

वळताना गाडीचा मागचा भाग उलट बाजूला फेकला जातो. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब त्यामुळेच ठोकर खाल्लेले असतात. कोणीतरी खाली उतरून मागे उभं राहा, लाज कसली?

फिरायला जाताना ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, गुंडाळा. आकाश निरभ्र असलं तरी.

घरून लाकडं नेऊ नका. स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी अशाच सामानावरून पसरतात. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडलेली ही कीड आता न्यू जर्सीभर आहे. लाकडं तिथेच विकत मिळतात.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला वॉशिंग्टनभोवतीच्या कॅपिटल बेल्टवेवर पहिल्यांदा आरव्ही चालवायला शिकू नका. गाडी गुरुवारी ताब्यात घ्या, एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तासभर रिव्हर्स करा आणि पहाटे निघा.

आणि रविवारी सकाळी डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) तुमचा नंबर लागल्यावर फोन काढून व्हिडिओ लावू नका. मागे पाच गाड्या उभ्या असतात, त्यातली एक माझी असते. व्हिडिओ आदल्या रात्री बघा, हातमोजे आणि पाइप आधीच बाहेर काढून ठेवा.