सर्व्हर आणि नेटवर्कच्या कामात पाऊल टाकताना : पुण्यातील नवोदितांसाठी

पुण्यात सिस्टीम किंवा नेटवर्क ॲडमिन म्हणून नोकरी शोधणाऱ्या बहुतेक मुलामुलींची नजर हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्याकडे असते. तिथल्या मोठ्या कंपन्यांत शिस्त, पगार आणि कार्यपद्धती चांगली असते. पण कामाचे इतके बारीक तुकडे पाडलेले असतात, की वर्षभर तिकिटे (तक्रारींच्या नोंदी) वरच्या पातळीकडे पाठवणाऱ्या माणसाने स्विचला (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाला) हातही लावलेला नसतो. याउलट भोसरी-चाकणचा एखादा कारखाना, मध्यम आकाराचे रुग्णालय किंवा सहकारी बँक अशा ठिकाणी दोन-तीन माणसेच केबलला टोक बसवण्यापासून (क्रिम्प करण्यापासून) मेल सर्व्हरपर्यंत सगळे सांभाळतात. सुरुवातीची दोन वर्षे अशा ठिकाणी काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पगार कमी मिळेल, पण बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखायला तिथे शिकता येते, आणि या पेशात माणसाची किंमत त्यावरच ठरते.

मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्यापासून सुरुवात केली. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि वीजवाहिन्यांची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते. त्यामुळे हिंजवडीतले मित्र शनिवार-रविवारी करतात ती देखभाल आमच्याकडे बुधवारी रात्री सुरू होई. सर्व्हर बंद आणि चालू करण्याला क्रम असतो, हे मी तिथे शिकलो. बंद करताना आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस आणि शेवटी स्टोरेज. चालू करताना आधी स्विच आणि स्टोरेज, मग डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) आणि डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर), त्यानंतर डेटाबेस आणि ॲप्लिकेशन. हा क्रम छापून सर्व्हर ठेवलेल्या रॅकच्या दारावर चिकटवलेला असावा, कारण मध्यरात्री तो आठवत बसायला कोणालाच सवड नसते.

‘नेट चालत नाही’ ही तक्रार रोज येते आणि तिच्यामागे दहा वेगवेगळी कारणे असू शकतात. अशा वेळी खालून वर चढत जावे. पोर्टचा दिवा लागला आहे का, संगणकाला आयपी पत्ता कोणता मिळाला आहे, गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जाण्याचे दार) पिंगला, म्हणजे पोहोच तपासणाऱ्या हाकेला, उत्तर देतो का, बाहेरचा एखादा आयपी पत्ता पोहोचतो का आणि नावाने संकेतस्थळ उघडते का, हे याच क्रमाने पाहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून उत्तर आलेले नाही. आकडी पत्ता पोहोचतो पण नाव उघडत नाही, तर संशय डीएनएसवर घ्यावा. पिंग चालते पण सॉफ्टवेअर जोडले जात नाही, तर सर्व्हरवरची सेवा बंद आहे किंवा फायरवॉल त्या सेवेचा पोर्ट (इथे क्रमांक, भिंतीवरचा किंवा स्विचचा नव्हे) अडवत आहे.

एका विभागातल्या निम्म्या संगणकांना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते मिळू लागले. आमचे नेटवर्क मात्र १०.० चे होते. कोणीतरी मोबाइलला वायफाय मिळावे म्हणून घरचा राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीवरच्या सॉकेटला जोडला होता आणि तो राउटर स्वतःच पत्ते वाटत होता. बाधित संगणकावर गेटवेचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) पाहिला, तो कोणत्या पोर्टवर आहे ते स्विचच्या तक्त्यात शोधले आणि पोर्ट सापडला. त्यानंतर सर्व स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या उपकरणाने पत्ते वाटणे रोखणारी सोय) सुरू केले. हे करायला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच लागतो. बाजारातला स्वस्त साधा स्विच घेण्यातली ही खरी किंमत खरेदी विभागाला कधीच पटत नाही, पण तुम्ही ती लेखी कळवून ठेवावी.

लिनक्स सर्व्हरवर डिस्क भरणे हा असाच नेहमीचा प्रकार. डीएफ (df) कमांड डिस्क भरल्याचे दाखवते आणि डीयू (du) या कमांडने फाइलींच्या आकाराची बेरीज केली तर फाइली तितक्या भरत नाहीत, असे झाले की नवखा माणूस गोंधळतो. बहुधा एखादी मोठी लॉग फाइल कोणीतरी पुसलेली असते, पण ती उघडून बसलेली प्रक्रिया चालूच असल्याने जागा सुटत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ (lsof) कमांडने ती प्रक्रिया शोधून तेवढीच सेवा पुन्हा सुरू केली की काम होते. जागा शिल्लक असूनही फाइल तयार होत नसेल, तर आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या मर्यादित जागा) संपले आहेत का ते पाहावे. कारण न पाहता सर्व्हरच रीस्टार्ट केला, तर पुष्कळदा पुरावाही त्याबरोबर जातो.

सर्व्हर आणि संगणकांच्या घड्याळांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजच्या नेटवर्कमधील खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिन नाकारले जाते आणि दोष पासवर्डला दिला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनीही घड्याळे जुळवणे, लॉग १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. बॅकअपविषयी एवढेच सांगतो, की रोज हिरवी खूण दिसत असली तरी दर महिन्याला एक डेटाबेस वेगळ्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोर करून पाहावा आणि त्याला किती वेळ लागला याची नोंद ठेवावी.

सरावासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. १६ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) आणि सिस्कोचे मोफत मिळणारे पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सराव पडद्यावर करू देणारे सॉफ्टवेअर) पुरेसे आहे. दोन व्हर्च्युअल मशीन घेऊन एकीवर डीएनएस व डीएचसीपी बसवावेत, मग एखादी सेवा मुद्दाम बंद करून लॉगमध्ये काय उमटते ते वाचावे. यूट्यूबवरचे पुष्कळ धडे अजून सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर आहेत, पण त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. म्हणून त्याच धर्तीचे रॉकी किंवा अल्मालिनक्स घ्यावे. प्रमाणपत्रांपैकी रेड हॅटचे लिनक्सवरचे आरएचसीएसए मला अधिक उपयोगी वाटते, कारण ती परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यावी लागते. नेटवर्ककडे कल असेल तर सिस्कोचे सीसीएनए करावे. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा आयटी पायाभूत सुविधा आणि सुरक्षा यांवरचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही विचारात घेण्याजोगा आहे. खासगी क्लासची ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी वाचण्याऐवजी प्रयोगशाळा दिवसातून किती तास खुली असते, ते विचारावे.

मुलाखतीत व्याख्या घडाघडा म्हणण्यापेक्षा, स्वतः शोधलेला एखादा बिघाड कोणत्या क्रमाने शोधला आणि कोणती शक्यता कशावरून बाद केली, हे सांगितलेले अधिक भावते. रुजू होण्यापूर्वी मात्र रात्री फोन घेण्याची पाळी कोणाची, तिचा भत्ता किती आणि बदली सुटी मिळते का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे.